वाजवून घेतलेलं घर

घर बघायला गेलो त्या दिवशी बाबांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि भिंतीवर टकटक करायला सुरुवात केली. एजंट आम्हाला गॅलरीसमोरचं सोनमोहराचं झाड दाखवत होता. बाबा पाठमोरे, भिंतीला जवळजवळ कान लावून. टक, टक, टक. मग एके ठिकाणी आवाज बदलला. टप. बाबांनी तिथं पेन्सिलीनं फुली मारली. लोकांच्या भिंतीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका काय करताहेत?" एजंटनं हळूच विचारलं.

"वाजवून घेतोय," बाबाच म्हणाले. "माठ घेताना वाजवून बघतो ना आपण? हे तर घर आहे."

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी लग्नाच्या हॉलमध्ये गेले की आधी बीम बघतात, मग नवरानवरी. त्या दिवशी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून अकरा फुल्या झाल्या. अकरा ठिकाणी गिलावा विटेपासून सुटून पोकळ झाला होता. मी मनातल्या मनात घरावर फुली मारून मोकळी झाले होते. पण जिना उतरताना बाबा म्हणाले, "घे. गिलावा गेलाय, भिंत शाबूत आहे."

आम्ही घेतलं. कोथरूडच्या एका आतल्या गल्लीतली १९८१ सालची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर ६१० स्क्वेअर फूट. कागदपत्रांबरोबर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मिळालं, पन्नास रुपयांचे पाच शेअर. सगळा फ्लॅट त्या अडीचशे रुपयांच्या पिवळ्या कागदावर उभा आहे ह्याची मला अजून गंमत वाटते. आधी इथं एक आजी एकट्या राहायच्या. विकणारे त्यांचे चिरंजीव, बंगळुरूला असतात. आजी आदल्या वर्षी गेल्या होत्या. चिरंजिवांनी किल्ल्या दिल्या, देवघर तेवढं नेलं आणि बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवून गेले.

"रिनोव्हेशनवर पैसे घालू नका" हे आम्हाला निदान दहा जणांनी सांगितलं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मग ओटा काय आणि फरशी काय, सगळं एका दिवसात पाडतील. आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटवर गेली कित्येक वर्षं चर्चा चालू आहे, बारा सभासदांची तेरा मतं आहेत, आणि मीटिंग संपते ती चहावर. घर पडायची वाट बघत गळक्या नळाखाली बादली लावून बसणं मला जमण्यातलं नव्हतं. जितकी वर्षं राहायचं तितकी वर्षं नीट राहायचं, एवढं ठरवून आम्ही कामाला लागलो.

सुरुवातीचा बेत अगदी साधा होता. सगळं काढून टाकायचं. एका इंटिरियर डिझायनर मुलीनं थ्रीडी चित्रंही करून दिली होती. चित्रात हॉल आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोठी जागा, मध्ये उंच स्टुलं, आणि त्यांतल्या एकावर मोकळ्या केसांची एक बाई कॉफी पीत बसलेली. ती बाई मला फार आवडली होती. बाबांनी चित्र चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं, आणि विचारलं, "इथली भिंत कुठे गेली?"

आमच्या बिल्डिंगला खांब नाहीत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच इमारतींत भार खांब आणि तुळया घेतात, मधल्या भिंती म्हणजे नुसते आडोसे. त्या काढल्या काय, हलवल्या काय. जुनी लोडबेअरिंग बिल्डिंग मात्र भिंतींवरच उभी असते. आमच्या बाहेरच्या भिंती १४ इंची, म्हणजे दीड विटेच्या. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली ९ इंची, एका विटेची. फक्त न्हाणीघराजवळची एक साडेचार इंची, अर्ध्या विटेची, तीच काय ती बिनभाराची. बाबांवर विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण स्टुलावरची ती बाई सुटत नव्हती. म्हणून पैसे मोजून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यानं टेप लावला, वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन आला, गच्चीवरची टाकी बघून आला, आणि म्हणाला, "मॅडम, ही भिंत तुमची नाही. वरच्या मजल्याची आणि टाकीची आहे. तुम्ही तिला फक्त रंग द्यायचा."

बाई स्टुलासकट गेली.

मग फोडाफोड सुरू झाली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे डिपॉझिट भरलं, दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद, रविवारी पूर्ण बंद. फुल्या मारलेल्या जागी छिन्नी लावली तर गिलावा अक्षरशः रव्यासारखा ओघळला. हातात घेऊन चोळला तर नुसती वाळू. "बिल्डरनं सिमेंट खाल्लं," मी तावातावानं म्हणाले.

"खाल्लंही असेल," बाबा म्हणाले. "पण तेव्हा खायला तरी सिमेंट कुठे मिळत होतं?"

आणि मग त्या धुळीत, उलट्या बादलीवर बसून त्यांनी मला १९८१ साल सांगितलं. सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होतं. परमिट लागायचं. घराचा स्लॅब टाकायचा म्हणजे मुलीच्या लग्नासारखी ओळखीपाळखी काढत फिरायचं. सिमेंट वाटपाचं प्रकरण इतकं पेटलं की जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी केंद्रानं नियंत्रण अंशतः सैल केलं, ते पुरतं उठायला १९८९ उजाडलं. आमचा गिलावा ह्या सगळ्याच्या आधीचा. ज्यानं केला त्यानं हातात असलेलं सिमेंट आधी स्लॅबला दिलं असणार, मग विटांच्या सांध्यांना, आणि उरलंसुरलं गिलाव्याला. "माझ्यावर वेळ आली असती तर मीही तेच केलं असतं," बाबा म्हणाले. मी तो ओघळलेला रवा थोडा वेळ तसाच मुठीत धरून उभी होते.

नळाचं काम लवकर उरकलं, कारण त्यात निवड अशी नव्हतीच. भिंतीतला अर्धा इंची जीआय पाईप प्लंबरनं कापून माझ्या हातात दिला. बाहेरून पाईप, आतून गंज, मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक. ह्यातून आजींच्या घरी पाणी येत तरी कसं होतं? सगळं काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे पाईप घातले. न्हाणीघर खोदून वॉटरप्रूफिंग केलं, विटांचे तुकडे बसवून कोबा केला, आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवून खालच्या बिऱ्हाडाच्या छताकडे डोळे लावून बसलो. ओल आली नाही. प्लंबर बिहारचा होता, मराठीचा गंध नाही, पण सामानाच्या यादीत त्यानं, सांडपाणी जायच्या भोकात बसवतात त्या जाळीसाठी, "नहानी ट्रॅप – २" असं लिहिलं होतं. न्हाणी हा शब्द माझ्या मुलीला समजावून सांगावा लागतो, आणि तो माणूस तो खिशात घालून सगळीकडे हिंडत असतो.

एकूणच घरातली शब्दसंपत्ती त्या चार महिन्यांत फार वाढली. सुतार राजस्थानचा. तो इंच मोजायचा आणि इंचाच्या खाली सूत. आठ सुतांचा एक इंच. त्यानं पहिल्याच दिवशी बेडरूमच्या कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला आणि हसला. "भाभी, कोना चार सूत बाहर है." मग दुसरा कोपरा. तो सहा सूत आत. जुन्या घरात काटकोन सोडून सगळं मिळतं. कारखान्यात बनून येणारी तयार कपाटं अशा भिंतीला चिकटतच नाहीत, मागे बोटभर फट राहते आणि त्या फटीत झुरळांचं नांदतं कुटुंब. त्यामुळे सुतारानं जागेवर बसून, भिंतीच्या वाकडेपणाला वाकडी पट्टी रंधून कपाटं बसवली. बाबा त्याच्याशी दिवसभर हिंदीत बोलायचे. "वो भिंत को जोर मत लगाव, वो आतून पोकळ है." सुताराला सगळं कळायचं.

प्लायवूडच्या बाबतीत मात्र मी अडून बसले. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या आसपास आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, बाकी ठिकाणी ३०३, म्हणजे साधं, चाललं असतं. ह्यात पैसे वाचवू नयेत. तसे ते वाचलेही नाहीत. सहा लाखांचा अंदाज साडेनऊवर गेला, आणि आमचा मूळ कॉन्ट्रॅक्टर मध्येच "गावाला जाऊन येतो" म्हणून गेला तो अजून यायचा आहे. त्याच्याबद्दल ह्याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

राडारोडा हा शब्द त्याच्या कामाइतकाच खडबडीत आहे. जिन्यावरून पोत्यामागे पैसे घेऊन बिगारी तो उतरवत होते. एक बाई डोक्यावर पोतं घेऊन दोन मजले खाली जायची ती वर येताना तिसऱ्या पायरीवर एकदाच थांबायची, प्रत्येक वेळी त्याच पायरीवर. टेम्पोवाल्याला मी विचारलं, नेऊन टाकणार कुठे? तो म्हणाला, "बघतो." ह्या "बघतो"त मुळा-मुठेचा सगळा काठ येतो. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवून महापालिका सांगेल तिथंच न्यायला हवा, हे मी त्याला ऐकवलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी नवऱ्याला टेम्पोत त्याच्या शेजारी बसवून पाठवलं.

फरशीचा विषय मात्र सावकाश सांगायला हवा.

घरभर दहा बाय दहा इंचाची मोझेक टाइल होती. मळकट, पिवळट, कडांना काळी. ती काढून व्हिट्रिफाइड घालायची हे तर भिंतीच्याही आधी ठरलेलं. शोरूममध्ये गेलो, पाणी दिलं, कॉफी दिली, आणि विक्रेत्या मुलानं मोठ्या अदबीनं एक नवा माल काढला. "टेराझो लुक, मॅडम. सध्या हेच चालतंय." पांढरट जमीन, त्यात काळे, तपकिरी, विटकरी कण. कणांचा फोटो काढून टाइलवर छापलेला. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. ज्याचा फोटो विकत घ्यायला आम्ही आलो होतो तो माल घरी सिमेंटमध्ये खराखुरा बसवलेला होता, आणि तो फोडायला मजूर ठरवले होते. शिवाय इंजिनिअर आधीच बजावून गेला होता की आहे त्या फरशीवर आणखी थर चढवून स्लॅबवर ओझं वाढवू नका. कॉफी संपवून आम्ही उठलो.

पॉलिशवाला मशीन खांद्यावर घेऊन आला. आधी त्यानं गुडघ्यावर बसून भोकं भरली, पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून, पुटिंग भरतात तशी. ती भोकं सुकू दिली. मग पाणी ओतलं आणि मशीन सुरू केलं. मशीनखाली कार्बोरंडमचे दगड असतात. आधी ६० नंबरचा, मग १२०, मग २२०, ३२०, एकापाठोपाठ एक बारीक कणांचे होत जाणारे. आवाज असा की दातांत शिरतो. फरशीवर घट्ट कढीसारखा राखाडी गाळ पसरला आणि मला वाटलं, होतं तेही गेलं. त्यानं मशीन थांबवलं, रबराचा वायपर घेतला आणि गाळावरून एक हात मारला.

वीतभर रुंदीची पट्टी उघडी पडली. आत सायीच्या रंगाची जमीन, आणि त्यात काळा, गेरूसारखा, क्वचित एखादा हिरवा दगड. ओला, कडा तुटलेला, कुठलाही कण दुसऱ्यासारखा नाही. मी गाळातच उकिडवी बसले. चिवड्यातले काजू हुडकावेत तसे हिरवे कण मोजायला लागले.

स्वयंपाकघरात तो मशीन फिरवताना थांबला आणि मला हाक मारली. ओट्यासमोर, गॅसच्या जागेपुढे, दोन ठिकाणी फरशी बाकीच्यापेक्षा खोल झिजली होती. कण किंचित वर आले होते, मधलं सिमेंट गेलं होतं. "यहाँ कोई बहुत खड़ा रहा है," तो म्हणाला. हॉलमध्ये, जिथं टीव्ही असायचा तिथं, तसं काही नव्हतं. मी त्याला ती जागा जास्त घासून सपाट करायला सांगितलं नाही. उगाच नाही हं, खोल घासलं असतं तर तिथं पाणी साचलं असतं, हे कारणही होतंच.

ओटाही मग राहिला. म्हणजे ओट्याखालची काळ्या कडाप्प्याची मांडणी राहिली. कडाप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाही, आणि त्यावर दहा किलोचा डबा आदळला तरी तो तक्रार करत नाही. मॉड्युलरवाल्यानं "हे सगळं तोडून टाकू" म्हटल्यावर मी त्याला ह्यातलं तुझं काय काय होतं ते विचारलं, तर तो वॉरंटीबद्दल बोलायला लागला. वरचा दगड तेवढा बदलला. आजींचा ओटा अडीच फुटांचा होता. त्या बुटक्या असणार. मला पाठीत वाकावं लागत होतं, म्हणून तो ३४ इंचांवर नेला.

आता वायरिंग.

जुन्या वायरी भिंतीवरून लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या, आत ॲल्युमिनियमची तार, चिनी मातीचे फ्यूज, आणि अर्थिंगच्या नावानं आनंद. फ्रिजला हात लावला की मुंग्या येत असणार. सगळं काढून तांब्याची वायर, दिव्यांना दीड एमएम, मोठ्या प्लगांना अडीच, गिझरला चार, आणि मेन स्विचपाशी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, असं ठरलं. इलेक्ट्रिशियन पट्ट्या उपटत बेडरूममध्ये आला. तिथं पलंगाच्या जागेशेजारी, जमिनीपासून दोन फुटांवर, एक एकटंच काळं गोल बटण होतं. ते दाबल्यावर आमच्या घरात काहीच व्हायचं नाही. आम्ही घर घेतल्यापासून येता-जाता ते दाबत होतो. मुलीचा तर तो खेळच झाला होता.

त्यानं बटणाच्या वायरीचा माग काढला. ती पट्टीतून वर गेली, माळ्याच्या मागून वळली, आणि भिंतीला पाडलेल्या एका भोकातून सरळ शेजारच्या फ्लॅटमध्ये शिरली. तो शिडीवरून खाली उतरला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "ताई, बोलू नये, पण शेजारचे तुमच्या मीटरवरून लाईट घेतायत."

शेजारी काकू एकट्या राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, रोज सकाळी दारापुढे दोन बोटांची रांगोळी. चोरीचा आळ घ्यायचा तरी कसा? मी साखर मागायच्या निमित्तानं गेले, दहा मिनिटं हवापाण्याचं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "काकू, एक वायर तुमच्याकडे येते बघा आमच्या माळ्यावरून..."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही लोक होतात?"

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. फ्रिजच्या वर भिंतीवर पिवळी पडलेली प्लॅस्टिकची बेल होती, चिमणीच्या आवाजाची. गेले तीन महिने ती अधूनमधून दिवसाउजेडी वाजत होती. आजी जाऊन वर्ष झालं होतं. काकूंनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. "सांगणार काय? म्हटलं, येत असेल आठवण तिला."

आजी एकदा न्हाणीघरात पडल्या आणि सकाळपर्यंत तशाच राहिल्या, तेव्हा त्यांच्या मुलानं ही बेल बसवून घेतली होती. पलंगावरून हात पोचेल असं बटण तिकडे, बेल इकडे. "किती वेळा वाजवली त्यांनी?" मी विचारलं. काकूंनी बोटांवर मोजलं. एकदा पुन्हा पडल्या तेव्हा. एकदा गॅसचा वास येत होता तेव्हा. "आणि एकदा रव्याच्या लाडवांचा पाक पुढे गेला म्हणून. रात्री साडेनऊला. मी धावत गेले तर ही कढई घेऊन उभी."

मी साखर न घेताच परत आले. इलेक्ट्रिशियन शिडीवर थांबला होता. वायर काढायची की ठेवायची? मला वाटलं, आता काकू एकट्या, मग उलटं करूया, बटण त्यांच्याकडे आणि बेल आमच्याकडे. संध्याकाळी तसं बोलून पाहिलं. काकू फणकारल्या. "मला काय धाड भरलीय?" विषय संपला. वायरीचं टोक गुंडाळून बॉक्समध्ये सारलं, वर कोरी पट्टी बसवली. नंतर बघू, ह्या सदरात घरातली निम्मी कामं गेली होती, त्यात आणखी एक.

मेअखेर राहायला आलो. गॅलरीच्या दारात पूर्वी तीन इंची उंबरा होता, जो तो तिथं ठेचकाळायचा, म्हणून आम्ही तो ग्राइंडर लावून काढून टाकला होता. हॉलची फरशी आणि गॅलरीची फरशी आता एका पातळीत, थ्रीडी चित्रातल्यासारखी. बाबा तेव्हा म्हणाले होते, "असू दे तो." मी ऐकलं नव्हतं. भिंतीच्या बाबतीत त्यांचं ऐकलं होतं ना, मग एखादी गोष्ट आपल्या मनासारखी नको?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेकडून पाऊस आला, आडवा. सोनमोहर तेव्हा भरात होता. पिवळ्या पाकळ्यांचा चिखल गॅलरीच्या जाळीवर बसला, पाणी जायला वाट उरली नाही, गॅलरी भरली आणि पाणी शांतपणे, कुणी पाहुणा यावा तसं, हॉलमध्ये आलं. सोफ्याच्या पायांपर्यंत. मी आणि नवरा सुपलीनं पाणी भरत होतो, मुलगी कागदाच्या होड्या करत होती. ज्या झाडाला भुलून घर घेतलं त्या झाडानंच पहिला हप्ता वसूल केला.

आवाज ऐकून काकू आल्या. पदर खोचला, गॅलरीत गेल्या, हातानं पाकळ्या बाजूला केल्या. पाणी गुडगुडत उतरलं. "चाळणी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठली चाळणी?"

"जाळीवर उपडी असायची. ॲल्युमिनियमची. पाकळ्या वर अडकतात, पाणी खाली जातं."

ती चाळणी आम्ही भंगारवाल्याला दिली होती. जुन्या घरातल्या गॅलरीत उपडी पडलेली चाळणी, आणखी काय करणार? उंबरा आणि चाळणी मिळून आजींनी चाळीस पावसाळे कोरडे काढले होते. दुसऱ्या दिवशी मी मंडईतून नवी चाळणी आणली, आणि पुढच्या आठवड्यात मिस्त्रीकडून ग्रॅनाइटची तीन इंची पट्टी दारात बसवून घेतली. बाबा बघायला आले. पट्टीवरून पाय उचलून पलीकडे ठेवला, परत अलीकडे ठेवला. काही म्हणाले नाहीत. ते फार लागलं.

त्या पावसाच्या संध्याकाळी काकू जायला निघाल्या, आणि दारात चप्पल घालता घालता, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ती वायर टाकून दिलीत का हो तुम्ही?"

"नाही काकू. आहे."

"नाही, नुसतं विचारलं."

नवऱ्याचं म्हणणं, वायरी कशाला, पाचशे रुपयांत बिनतारी बेल येते. काकूंचं म्हणणं, सेल संपला तर? इलेक्ट्रिशियन पुन्हा आला. आता बटण काकूंच्या पलंगाशेजारी आहे, जमिनीपासून दोन फुटांवर. वीज त्यांच्या मीटरची आणि बेल आमच्या पॅसेजमध्ये. म्हणजे शेजाऱ्यांचा लाईट आता आम्ही घेतो. बेल तीच ठेवली, पिवळी, चिमणीची. नवी बसवू म्हटलं तर काकू म्हणाल्या, "ती वाजते ना? मग?"

पहिल्याच रात्री साडेदहाला चिमणी ओरडली. मी तशीच अनवाणी धावले, नवरा मागून किल्ली घेऊन. काकूंनी दार उघडलं. केस सोडलेले, हातात तेलाची वाटी.

"काय झालं काकू?"

"कुठं काय? वाजते का बघत होते."

"वाजते."

"ऐकू येतं का पण झोपेत?"

आता झोपलेच नव्हते तर काय सांगणार? तसं म्हटलं. काकूंनी मान डोलावली, दार लावलं. आम्ही घरी आलो, दिवे मालवले, पडलो.

रात्री दोनला बेल वाजली.